नातवाच्या पायातले क्लबफूटचे शूज मी दुपारी काढून ठेवते. खरंच एवढं बिघडतं का?

भांडुपची आजी (मंगळवार, दुपारी २:१०)

नमस्कार. ओरडा बसणार हे धरूनच लिहितेय. फक्त आधी सगळं वाचा, मग ओरडा.

माझा नातू नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाला. डावं पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली, तळवा उजव्या पायाकडे तोंड करून. क्लबफूट. आम्हाला हे आधीच माहीत होतं, विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी दाखवलं होतं. तरी बारशाला आमच्या वन्संनी चारचौघींत सुनेला विचारलंच, "ग्रहणात सुरी हातात घेतली असशील गं?" सून मान खाली घालून बसली. मग मला राहवेना. म्हटलं, वन्सं, ग्रहण ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, तेही रात्री दहाच्या सुमारास लागलं. सोनोग्राफीचा कागद जुलैचा आहे. सुरी दोन महिने आधीच कशी लागली? वन्सं गप्प झाल्या. (तेवढ्यापुरत्याच.)

घराजवळच्या एका डॉक्टरांनी "सहा महिन्यांचा होऊ दे, मग बघू" असं सांगितलं होतं. मुलाने ऐकलं नाही, बाळ बारा दिवसांचं असताना परळच्या हॉस्पिटलात नेलं. मग दर शनिवारी तेच. भांडुपहून स्लो गाडी, सून बाळाला घेऊन खिडकीशी, मी दुपट्याची आणि बाटल्यांची पिशवी घेऊन उभी. मांडीपासून बोटांपर्यंत प्लॅस्टर, गुडघा काटकोनात. ओल्या प्लॅस्टरला भिजलेल्या भिंतीसारखा वास येतो, तो आमच्या दीड खोल्यांत रविवारपर्यंत राहायचा. एका शुक्रवारी रात्री मीच कोमट पाण्याच्या टबात पाय बुडवून प्लॅस्टर सोडवलं, म्हटलं सकाळी तिथे पोराला रडवायला नको. डॉक्टर चिडले. म्हणाले, रात्रभरात पाय मागे आला, कोणी सांगितलं होतं काढायला?

पाच प्लॅस्टरं झाली. मग टाचेमागची शीर बारीकशा चिरेतून कापली, तिथेच, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. वर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लॅस्टर. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शूज आले. दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. तीन महिने रोज २३ तास, आंघोळ-मालिशपुरता एक तास सुट्टी. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार वर्षांचा होईपर्यंत!

सुनेला बाळंतपणाआधीच दोन महिने रजा घ्यावी लागली होती, म्हणून मार्चअखेर ती कामावर रुजू झाली. तेव्हापासून दिवसभर बाळ माझ्याकडे. आणि तेव्हापासून मी साडेअकराला शूज काढते, चार-साडेचारला परत घालते. उकाडा बघताय ना? मोजे काढले की पाऊल घामाने पांढरं, सुरकुतलेलं असतं. शूज काढल्याबरोबर तो दोन्ही पाय वेगवेगळे झाडतो आणि हसतो. हे हसू बघून परत ते पट्टे आवळायला माझा हात धजत नाही.

सुनेने एक वही ठेवली आहे, तारीख आणि तास. त्यात मी रोज २३ लिहिते. बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत हजेरी मांडली, एकही खोटी मांडली नाही. आणि आता घरात मांडतेय.

तर माझे प्रश्न. पाय आता सरळ दिसतो. पोटरी जरा बारीक आहे, पण पावलं शेजारी शेजारी ठेवली तर आजारी कुठलं ते पटकन सांगता येणार नाही. मग आता पाच तासांनी काय बिघडणार? हा २३चा आकडा आला कुठून? कोणी मुलांवर नीट अभ्यास केलाय, की एकाने म्हटलं म्हणून सगळे म्हणतात? आणि उजवा पाय धडधाकट असताना त्याला शिक्षा कशासाठी?

तुळशीवृंदावन (मंगळवार, दुपारी ३:०५)

काकू, एवढ्या उन्हाळ्यात बाळाला बुटात कोंबायचं म्हणजे जिवावर येणारच. आमच्याकडे घाटकोपरला एक मालीशवाल्या मावशी येतात. माझ्या भाचीचे पाय धनुष्यासारखे होते, मावशींनी वर्षभरात सरळ केले. हवं असेल तर व्यनि करा, नंबर देते.

फिजिओ मुलुंड (मंगळवार, दुपारी ४:४०)

तुळशीताई, गुडघ्यातून धनुष्यासारखे पाय बहुतेक सगळ्याच बाळांचे असतात आणि दोन वर्षांच्या आतबाहेर आपोआप सरळ होतात. मावशी नसत्या तरी झाले असते. क्लबफूटमध्ये पावलातली हाडं एकमेकांवर फिरलेली असतात आणि आतल्या, मागच्या बाजूचे बंध आखडलेले असतात. ते तेल लावून सुटत नाहीत. कृपा करून नंबर देऊ नका.

आजी, तुम्हाला सविस्तर उत्तर रात्री देते, आत्ता क्लिनिकमध्ये आहे. तोवर एवढंच करा, आज साडेचारच्या ऐवजी आत्ता घाला.

भांडुपची आजी (मंगळवार, दुपारी ४:५२)

घातले. रडतोय.

रात्रपाळी (बुधवार, पहाटे ३:१५)

आजी, डेपोत बसून लिहितोय. ओरडणार नाही, कारण मी तुमच्याहून वाईट केलंय.

माझ्या पोराचे दोन्ही पाय. चार प्लॅस्टरं, टेनोटॉमी (तीच, टाचेमागची शीर कापणं), मग शूज. पहिले तीन महिने आम्ही दोघं शहाण्यासारखे वागलो. मग फक्त झोपेतले झाले आणि आमची ढिलाई सुरू झाली. पोरगं चौदाव्या महिन्यात चालायला लागलं, कल्याण स्टेशनच्या जिन्यावर माझा हात सोडून चढायला लागलं. असं पळणारं पोर बघितल्यावर कोण शूज घालतंय? बायको रात्री घालायची, दीड वाजता तो कुरकुरला की मी काढायचो, मला झोप पाहिजे असायची. पुढे बूट कपाटावर गेले.

दोन वर्षांचा असताना त्याच्या चपलेने सांगितलं. डाव्या चपलेची बाहेरची कड पार झिजलेली आणि आतली बाजू कोरी, दुकानातून आणल्यासारखी. दिवसभर टायर बघणारा माणूस मी. टायर एका कडेला झिजलं की गाडीत काय बिघडलंय ते मला लांबून कळतं. पोराच्या चपलेकडे मात्र महिनाभर लक्षच नव्हतं.

परत प्लॅस्टर. बारा दिवसांचं बाळ रडून रडून झोपतं. दोन वर्षांचं पोर बोलतं. आमचा हातोडी आणून द्यायचा आणि म्हणायचा, "पप्पा, फोड." तीन प्लॅस्टरं झाली, मग परत शूज, आणि या वेळी एक रात्र चुकवली नाही. आता सहा वर्षांचा आहे, शाळेत कबड्डी खेळतो.

माझ्या अनुभवाचं सांगतो. तुम्ही कधी घालता, कधी काढता, यानेच पोर जास्त रडतं. रडलं की सुटका होते हे त्याला कळतं. आठ दिवस सलग घाला, नवव्या दिवशी त्याला वाटेल की पाय असेच असतात. घातल्यावर लगेच दोन्ही गुडघे एकदम वाकवा, एकदम सरळ करा, गाणं म्हणत. तो एकेक पाय वेगळा झाडायला जातो, तो हलत नाही, म्हणून चिडतो. दोन्ही बरोबर हलवायचे हे शिकला की तासाभरात पट्टी आपटून खेळायला लागेल. मग तुमच्या गळ्याच्या हाडाची काळजी घ्या. पट्टीला जुनी ओढणी किंवा स्पंज गुंडाळा, माझ्या बायकोचा एक दात हलला होता.

उजवा पाय (बुधवार, सकाळी ११:३०)

आजी, तुमचा "अभ्यास कोणी केलाय का" हा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी स्वतः त्या अभ्यासातला आकडा असू शकलो असतो, फक्त चुकीच्या बाजूचा.

जन्म १९८१, गिरगाव. उजवं पाऊल तुमच्या नातवासारखंच. तेव्हा प्लॅस्टर घालायचे, पण जोर लावून, उलट्या दिशेने, आणि नाही जमलं की ऑपरेशन. माझं नऊ महिन्यांचा असताना झालं. टाचेच्या मागून आणि आतून मोठा काप घेऊन सगळे बंध सैल केले. पाय सरळ झाला, आईने गिरगावच्या गणपतीला पेढे वाटले. मी क्रिकेट खेळलो, लग्न झालं, पोरं झाली. तिशीनंतर घोटा आखडायला लागला. आज सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं मी भिंत धरून चालतो. दादरचा पूल उतरताना कठड्याच्या बाजूने उतरतो, कारण उतरताना घोटा वाकावा लागतो आणि माझा वाकत नाही. उजवा बूट सात नंबर, डावा आठ. दर वेळी दोन जोड घ्यावे लागतात.

यात डॉक्टरांना दोष देत नाही. त्या काळी जगभर हेच चालायचं. गंमत अशी की दुसरा रस्ता मी जन्मायच्या कितीतरी आधी सापडला होता. इग्नासिओ पोन्सेती नावाचे डॉक्टर होते, १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. स्पेनच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांची हाडं बसवली, त्यांची बाजू हरल्यावर फ्रान्समार्गे मेक्सिको आणि तिथून १९४१ मध्ये अमेरिकेत आयोवाला. तिथे त्यांना असं दिसलं की लहानपणी ऑपरेशन झालेले पाय मोठेपणी कडक आणि दुखरे होतात. म्हणजे माझे! मग त्यांनी पावलातले सांधे एकमेकांवर कसे फिरतात ते बारकाईने पाहिलं आणि जोर न लावता, दर आठवड्याला थोडंथोडं फिरवून, प्लॅस्टरमध्ये धरून ठेवायची पद्धत बसवली. १९६३ मध्ये त्यांनी ती छापली. जवळजवळ कोणी लक्ष दिलं नाही. सर्जन लोकांना प्लॅस्टर हे काम फारसं मोठं वाटत नसावं, हे आपलं माझं मत.

पण त्यांनी एक गोष्ट केली, जी आपल्याकडे फार कमी होते. जुने पेशंट सोडले नाहीत. १९९५ मध्ये आयोवाच्या डॉक्टरांनी तीस वर्षांनंतरचा हिशेब मांडला. लहानपणी या पद्धतीने बरे झालेले ४५ जण, आता तिशी-चाळिशीचे. त्यांतल्या ७८ टक्क्यांचे पाय चांगले किंवा उत्तम. तुलनेला ज्यांच्या पायाला जन्मतः काहीच नव्हतं अशी माणसं घेतली, त्यांच्यात हा आकडा ८५ टक्के. एवढाच फरक. पद्धत खरी पसरली ती त्यानंतर, इंटरनेट आल्यावर. आईबाप एकमेकांना बाळांच्या पायांचे फोटो पाठवायला लागले आणि आपापल्या डॉक्टरांना विचारायला लागले, तुम्ही कापता का, ते तर कापत नाहीत. पोन्सेती २००९ मध्ये गेले, नव्वदी उलटली तरी क्लिनिकमध्ये येत होते.

आता तुमचा २३. तो काही वेदवाक्य नाही, काही ठिकाणी तास थोडे कमीजास्त सांगतात. पण ब्रेस, म्हणजे हेच पट्टीचे शूज, न वापरल्याने काय होतं यावर दुमत नाही. २००४ मध्ये आयोवातूनच १५७ मुलांचा अभ्यास आला. जवळजवळ सगळ्यांचे पाय आधी सरळ झाले होते. पुन्हा कोणाचे वळले याचा संबंध ना किती प्लॅस्टरं लागली याच्याशी लागला, ना उपचार कोणत्या वयात सुरू झाले याच्याशी. लागला तो ब्रेसशी. नीट वापरणाऱ्या घरांत पुन्हा वळण्याचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास, न वापरणाऱ्यांत ८० टक्क्यांच्या वर.

भांडुपची आजी (बुधवार, दुपारी १:२०)

तुमचं पूल उतरायचं वाचलं आणि जेवण गेलं नाही. आत्ता त्याच्या पायात शूज आहेत.

पण एक शंका आहे, मास्तरीण आहे ना. हे तास कोण सांगतं? आईबापच ना? आमच्या वहीसारखीच वही असणार. मग माझ्यासारख्या आज्या तिकडेही असतील की. तो अभ्यास मग खरा कसा धरायचा?

उजवा पाय (बुधवार, दुपारी २:०५)

आजी, शंका एकदम बरोबर. हीच शंका अभ्यास करणाऱ्यांनाही आली. मग त्यांनी बुटातच तापमान मोजणारे छोटे सेन्सर बसवले. पाय आत असला की बूट गरम, काढला की गार. यंत्राने मोजलेले तास आणि घरच्यांनी सांगितलेले तास शेजारी ठेवले, तर घरच्यांचे जास्तच निघाले. आणि ज्या मुलांचे पाय पुन्हा वळले त्यांचे खरे तास इतरांपेक्षा कमी होते. तुमची वही अमेरिकेतही आहे.

फिजिओ मुलुंड (बुधवार, रात्री १०:४५)

काल रात्री लिहिते म्हणाले आणि झोप लागली, माफ करा.

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये आहे. शुक्रवारी रात्री प्लॅस्टर काढलं आणि शनिवारी सकाळपर्यंत पाय मागे आला, बरोबर? एका रात्रीत. बाळाच्या पावलातली बरीचशी हाडं अजून कूर्चेचीच असतात, एक तर साधारण तिसऱ्या वर्षी हाड व्हायला लागतं. बंधांमधले धागे लाटेसारखे मुडपलेले असतात. हळूच ताणले की सैल होतात, काही दिवसांनी पुन्हा मुडपतात आणि परत ताणता येतात. म्हणून तर दर आठवड्याला नवं प्लॅस्टर. बारा दिवसांच्या बाळाचा पाय महिन्याभरात सरळ होतो तो या मऊपणामुळे. तोच मऊपणा त्याला परतही नेतो. पाऊल आत ओढणारी मूळ प्रवृत्ती प्लॅस्टरने जात नाही, ती पहिली काही वर्षं टिकून असते आणि पाऊल झपाट्याने वाढत असताना सगळ्यात जोरात असते. शूज पाय सरळ करत नाहीत, ते काम झालंय. ते फक्त धरून ठेवतात. त्यामुळे "सरळ दिसतो, मग कशाला" हा प्रश्न मला रोज दोन आया विचारतात आणि रोज मी हेच सांगते. असो.

उजव्या पायाला शिक्षा नाही. एकच बूट घातला तर गुडघा वाकवून, पाय फिरवून बाळ त्यातून वाट काढतं. पाऊल बाहेर धरायला पलीकडे काहीतरी आधार हवा, तो धड पाय देतो. जवळून बघा, दोन्ही बूट सारखे बसवलेले नसतील. आजारी बाजू ६० ते ७० अंश बाहेर, धड बाजू ३० ते ४० अंश. पट्टीची लांबी साधारण त्याच्या खांद्यांच्या रुंदीएवढी. आणि तो लाथा मारतो ना, प्रत्येक लाथेबरोबर टाचेमागची शीर ताणली जाते. तो दिवसभर स्वतःचाच व्यायाम करतो. तुम्ही साडेअकराला जे थांबवता ते हे.

आता घाम. मोजा सुती, शिवण बाहेर करून, आणि दुपारी एकदा बदलायचा. एकेक बूट उघडा, पाऊल पुसा, कोरडं करा, घाला. दोन मिनिटांचं काम आहे. पावडर नको, तिचा घामात चिखल होतो. तेल लावल्यावर पाऊल नीट पुसल्याशिवाय बूट नको, टाच निसटते. घालताना गुडघा वाकवून टाच खाली दाबा, आधी मधला पट्टा आवळा, मग वरचा आणि बोटांकडचा. टाचेजवळ बुटाला भोक असेल तर त्यातून टाच दिसली पाहिजे. लाल वळ उठला आणि थोड्या वेळात गेला तर चालतं. फोड, गडद लाल टाच, किंवा बोटं सारखी आत ओढून घेतोय असं दिसलं तर शूज घट्ट करत बसू नका आणि काढूनही ठेवू नका, त्याच दिवशी क्लिनिक. बूट आखूड झाले असतील, किंवा पाय आतून मागे यायला लागला असेल.

अवांतर, पण विचारते. कमरेची तपासणी झालीय का? क्लबफूटच्या बाळाचे खुबे एकदा पाहून घ्यायचे असतात. आणि दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधायची आपली सवय असेल तर ती सोडा, खुब्याला ते चांगलं नाही. तुमच्याकडे पट्टीमुळे तसंही बांधता येत नसेल म्हणा.

चालायला इतर मुलांपेक्षा एक-दोन महिने उशीर लागला तर शेजारणींनी काहीही सांगितलं तरी घाबरू नका. कुशीवर वळणं, रांगणं शूजसकट होतं. आमच्याकडे एक मुलगी पट्टी घेऊन इतकी भराभर रांगते की खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

शेवटचं. पुढच्या तपासणीला खरे तास सांगा. उद्या पाय किंचित मागे दिसला आणि वहीत २३ असेल, तर डॉक्टर शूजमध्ये खोट शोधतील, कदाचित परत प्लॅस्टर घालतील. तीन आठवडे रोज पाच तास गेले हे कळलं तर त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो.

तुळशीवृंदावन (बुधवार, रात्री ११:२०)

नंबर देत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. वाईट वाटून घेऊ नका. गावाकडे माझ्या चुलत दिराच्या मुलीचं पण पाऊल असंच आहे, दोन महिन्यांची आहे आणि ते अजून मालीशच करताहेत. पालघर जिल्हा. एवढ्या लांबून दर आठवड्याला मुंबई कशी परवडणार?

फिजिओ मुलुंड (गुरुवार, सकाळी ८:१०)

दर आठवड्याला मुंबईच लागेल असं नाही. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ मध्ये सुरू झाला तोच मुळी पालघरहून. जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूट आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, ते पुढे पाठवतात. दोन महिने म्हणजे उशीर झालेला नाही, पण आज फोन करा.

रात्रपाळी (गुरुवार, पहाटेची ड्यूटी संपवून)

तुळशीताई, चुलत दिरांना माझ्या पोराच्या चपलेची गोष्ट सांगा. चप्पल ठेवली आहे अजून. फोटो पाहिजे तर टाकतो.

भांडुपची आजी (शनिवार, सकाळी ९:४०)

दोन दिवस आले नाही, कारण घरात जरा रामायण झालं.

गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर सुनेला सांगायचं ठरवलं. तीन वाक्यं मनात जुळवली होती, शाळेत पालकांना बोलावून घ्यायचे तेव्हा जुळवायचे तशी. पहिलं वाक्य अर्धं झालं नाही तोच ती म्हणाली, "आई, मला माहितीये."

कसं? तर म्हणे ती सकाळी पट्टा तिसऱ्या भोकात लावून जाते आणि संध्याकाळी येते तेव्हा तो दुसऱ्यात असतो. रोज. मला ते भोक दिसतच नाही, चष्मा स्वयंपाकघरात राहतो. पंधरा दिवस तिने काही म्हटलं नाही. मी विचारलं, का नाही बोललीस? तर म्हणाली, "बोलले असते आणि तुम्ही म्हणाला असता की मग तूच सांभाळ, तर मी काय केलं असतं?" यावर मला काही सुचलं नाही. वन्संच्या सुरीपेक्षा हे जास्त लागलं.

मुलगा मध्ये पडून मोठ्या आवाजात बोलायला लागला. त्याला दोघींनी मिळून गप्प केलं.

मग वही काढली. १ एप्रिलपासूनच्या सगळ्या २३ वर मी लाल पेनाने काट मारली आणि १८ लिहिलं. एक दिवस १७, त्या दिवशी मला झोप लागली होती. ती शेजारी बसून बघत होती. म्हणाली, सही पण करा. केली.

काल परळला जाऊन आलो. डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी पाऊल हातात घेऊन वर केलं, बाहेर फिरवलं, दोनदा बघितलं. घोटा थोडा घट्ट झालाय म्हणाले, प्लॅस्टरची गरज आत्ता दिसत नाही, पण २३ तासांचे तीन महिने मेच्या पहिल्या आठवड्यात संपणार होते ते आणखी तीन आठवडे पुढे. म्हणजे माझे तीन आठवडे त्याच्या खात्यात जमा. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. खुबेही बघितले, ठीक आहेत.

रात्रपाळीदादा, दोन्ही गुडघे एकदम हलवायची युक्ती चालली. "ये रे ये रे पावसा" वर वाकवते, "तुला देतो पैसा" वर सरळ. पहिले दोन दिवस घर डोक्यावर घेतलं त्याने, काल दुपारी रडला नाही, पट्टी पलंगाच्या कठड्यावर आपटत बसला. खालच्या मजल्यावरून अजून कोणी आलेलं नाही.

सुनेने तिसऱ्या भोकाभोवती नेलपेंटने लाल गोल काढून दिलाय, चष्म्याशिवायही दिसतो.

आता एकच सांगा. पाच महिन्यांच्या बाळाचे पातळ सुती मोजे, गुडघ्यापर्यंतचे, शिवण नसलेले, दादरला कुठल्या गल्लीत मिळतील? इथे स्टेशनजवळ सगळे लोकरीचे नाहीतर कार्टूनचे, आणि कार्टूनच्या आतून धागे लोंबतात. ते त्याच्या बोटांत अडकतात.